सातारा-सांगलीत वाहतुकीचं चलान आलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात आणि अधूनमधून कराड, सांगलीत वकिली करताना चलानाबद्दल जे प्रश्न सतत कानावर पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. चलानाच्या रकमेपेक्षा त्याची भीती लोकांना जास्त छळते. काही जण चूक नसताना पैसे भरतात, काही जण चूक असूनही वर्षानुवर्षं भरत नाहीत. दोघांचंही नुकसानच होतं. चलान उघडून नीट वाचलं तर त्यातले बरेच घोळ सुरुवातीलाच सुटतात.

मोबाईलवर चलानाचा मेसेज आलाय. आधी काय करू?

मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाखाली एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) आली असेल तर ती फसवणूकच समजा. कुठलाही वाहतूक विभाग असली फाईल पाठवत नाही. ती उघडली तर फोनमधले ओटीपी परक्याच्या हाती जातात.

महाट्रॅफिक हे राज्याच्या वाहतूक पोलिसांचं अ‍ॅप उघडा, किंवा ई-चलानाच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिले की त्या गाडीवरची सगळी चलानं दिसतात. हे आकडे आरसी बुकावर असतात. पोलिसांऐवजी आरटीओच्या पथकाने चलान केलं असेल तर केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावरही पाहा. दोन्हीकडे चलान नसेल तर मेसेज खोटा असण्याचीच शक्यता जास्त. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा.

चलान खरं आहे. मग लगेच भरून टाकू का?

आधी फोटो बघा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. लोक रक्कम पाहतात आणि फोटो उघडतही नाहीत.

कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याला नाशिकमधलं विनाहेल्मेटचं चलान आलं होतं. त्याची मोटारसायकल त्या दिवशी गोठ्याशेजारी उभी होती. घरच्यांचा भरून मोकळं व्हायचा आग्रह होता. फोटो मोठा करून पाहिला तर गाडीचं मॉडेलच वेगळं निघालं. टाकी लाल, आणि याची काळी. नंबर प्लेटवरचा शेवटचा आकडा चिखलाने अर्धा झाकला होता आणि मशीनवर ३ च्या जागी ८ पडला होता. आरसीची प्रत, स्वतःच्या गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो आणि चार ओळींची तक्रार एवढ्यावर त्याचं काम झालं.

म्हणून फोटोत गाडीचा प्रकार, रंग, नंबर प्लेटवरचं प्रत्येक अक्षर, जागा, तारीख, वेळ आणि लावलेलं कलम ताडून पाहा. आपल्या भागात एमएच १० सांगली, ११ सातारा आणि ५० कराड. १० आणि ११ मध्ये एका काडीचाच फरक असल्याने अदलाबदल सहज होते. फोटोत नंबर दिसतो पण नियमभंग दिसत नाही, असंही घडतं. सीटबेल्टचं चलान आहे आणि काचेवर नुसती झळाळी दिसते, अशा वेळी हरकत घ्यायला हरकत नाही.

हरकत कुठे नोंदवायची?

महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे चलान क्रमांक टाकून पुरावे जोडा. त्याच मजकुराचा लेखी अर्ज चलान करणाऱ्या घटकाकडेही द्या. साताऱ्यातलं चलान असेल तर शहर वाहतूक शाखा, महामार्गावरचं असेल तर महामार्ग पोलिसांचं केंद्र. घटकाचं नाव चलानावर असतं. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर पोच घ्या. पोचेशिवाय दिलेला अर्ज पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

चलानाचे फोटो खासगी मोबाईलवर काढू नयेत, अधिकृत यंत्रच वापरावं, अशा सूचना २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी दिल्या. तुमचा फोटो तसा काढला गेला असेल तर तेही अर्जात लिहा. चूक खरोखर केली असेल तर मात्र एवढ्या एका मुद्द्यावर लढाई उभारू नका.

चलान झालं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

नाही. चलान हा आरोप असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० नुसार काही गुन्ह्यांत ठरलेली रक्कम भरून प्रकरण कोर्टात न जाता मिटवता येतं, त्याला तडजोड म्हणतात. रक्कम भरली की त्या प्रकरणावर पडदा पडतो. म्हणूनच भरल्यानंतर "मी ते केलंच नव्हतं" म्हणत आलात तर मदत करणं कठीण होतं.

दारू पिऊन गाडी चालवणं, कलम १८५, यात तडजोड नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ही मर्यादा आहे. धोकादायक चालवण्याच्या कलम १८४ मध्ये हातात मोबाईल धरून चालवण्यापुरतीच तडजोड होते, बाकीच्यासाठी कोर्ट.

इंटरनेटवर फिरणाऱ्या दंडाच्या तक्त्यांवर विसंबू नका. केंद्राचा सुधारित कायदा १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाला, पण आपल्या राज्याने तडजोडीचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये आणले. कायद्यातली कमाल रक्कम आणि राज्याचा दर यांत फरक असतो. चलानावर छापलेला आकडाच तुमचा.

पैसे कसे भरायचे?

अ‍ॅपवर, संकेतस्थळावर, किंवा ई-चलान यंत्र असलेल्या कोणत्याही वाहतूक अंमलदाराकडे. चलान पुण्यात झालं आणि तुम्ही मिरजेत असाल तरी चालतं. भरल्यावर पावती घ्या आणि दोन-चार दिवसांनी यादीतून चलान गेलं का ते पाहा. पावतीशिवाय दिलेली रोकड दंडात धरली जात नाही, आणि तसा व्यवहार करणं तुमच्यासाठीही गैर आहे.

सहा महिने झाले की चलान आपोआप रद्द होतं म्हणतात. खरं?

अर्धवट खरं, आणि अर्धवट आहे म्हणूनच घातक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते. एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद असेल तर मुदत एक वर्षाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४६८ होतं. पण ही मुदत कोर्टाला आहे. पोलिसांच्या संगणकातली नोंद त्या तारखेला पुसली जात नाही. शिवाय पुरेसं कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. परवाना नसणं, विमा नसणं यांत तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तिथे सहा महिन्यांचा हिशेब मुळातच लागू पडत नाही.

थकलेलं चलान गाडी विकताना, फिटनेसला किंवा परमिटच्या वेळी आडवं येतं. मुदतीचा मुद्दा तुमच्या बाजूने असेल तर तो कोर्टात मांडा. नुसती वाट पाहण्याने काही मिटत नाही.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे-पलीकडे महामार्गावर वेगाचं चलान झालं, मला कळलं दोन महिन्यांनी. ते टिकतं का?

आपल्या दोन जिल्ह्यांतून राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो, त्यामुळे शिरवळपासून पार पेठनाक्यापर्यंतच्या लोकांना हा प्रश्न पडतो. इथे दोन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली मोटार वाहन कायद्याच्या कलम २०९ ची. वेगमर्यादा ओलांडणं किंवा धोकादायक चालवणं यासाठी शिक्षा व्हायची तर जागेवरच तशी सूचना दिलेली असावी लागते, किंवा १४ दिवसांत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि जागा सांगणारी नोटीस चालकाला किंवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली वा रजिस्टर पोस्टाने पाठवलेली असावी लागते, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं लागतं. तुमचा पत्ताच चुकीचा नोंदलेला असल्याने नोटीस पोहोचली नसेल तर मात्र हा बचाव चालत नाही. आरसीवरचा पत्ता आणि मोबाईल नंबर बदलून घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठीच.

दुसरी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ ची, २०२१ मध्ये आलेली. कॅमेऱ्याने किंवा स्पीडगनने केलेल्या चलानासोबत स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि कलम असायला हवं. यंत्र प्रमाणित असावं आणि १५ दिवसांत नोटीस पाठवावी, असं तो नियम सांगतो. धोक्याच्या रस्त्यांवर अशी यंत्रं बसवण्यासाठी राज्यातल्या ज्या शहरांची यादी त्यासोबत आहे, तिच्यात सांगली आहे.

हे मुद्दे कोर्टापुढे मांडायचे असतात. टोलनाक्यावर उभ्या अंमलदाराशी त्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या उतारावर माणसं गेली आहेत हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या वेगाच्या चलानाकडे नुसती पैशांची बाब म्हणून पाहू नये.

लोकअदालतीची नोटीस आली आहे. जायचं का? दंड अर्धा होतो का?

जा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते, साताऱ्यात जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या कोर्टांतही. सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात. चलान अजून कोर्टात गेलेलं नसलं तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून ते तिथे ठेवलं जातं. नोटीस आली म्हणजे अटक होणार, ही भीती मनातून काढा. तडजोडीची संधी आहे एवढाच तिचा अर्थ.

सवलतीचं म्हणाल तर "पन्नास टक्के माफ" असे मेसेज दर वेळी फिरतात. तुमच्या नोटिशीत लिहिलं असेल तेच खरं. शंका असली तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. उत्तर फुकट आणि खात्रीचं मिळतं. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे चलान चुकीचं वाटत असेल तर तिथे सही करण्याआधी विचार करा.

कोर्टाचं समन्स आलं. कोणत्या कोर्टात, आणि तिथे काय होतं?

गुन्हा जिथे घडला तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुम्ही विट्याचे आणि चलान वाईचं, तर वाईला. समन्सवर कोर्टाचं नाव, केस क्रमांक आणि तारीख असते.

सकाळी अकराच्या आत पोहोचा. कोर्टाच्या दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला क्रमांक शोधा. शिपाई पुकारा करतो तेव्हा आत हजर असणं महत्त्वाचं. चहाला बाहेर गेलेल्या माणसाचा पुकारा होऊन जातो आणि गैरहजेरी लागते. तसं झालं तर बोर्ड संपायच्या आत कारकुनाला भेटून सांगा. न्यायाधीश आरोप समजावून सांगतात आणि कबूल आहे का विचारतात. कबूल म्हटलं की दंड ठोठावला जातो, तो भरून पावती घ्यायची. नाकबूल म्हटलं की पुराव्यासाठी तारीख पडते.

कामगाराला दिवस मोडणं परवडत नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ खालच्या समन्सवर पर्याय असतो. समन्सात लिहिलेली रक्कम मुदतीत पाठवून रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करता येतो, किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं. कोणता पर्याय खुला आहे ते समन्सवरच असतं. समन्स खिशात ठेवून विसरू नका. पुढची पायरी वॉरंटची, आणि किरकोळ दंडासाठी घरी पोलीस येणं कुणालाच नको असतं.

व्हर्च्युअल कोर्ट म्हणजे काय?

कोर्टात न जाता संगणकावर चालणारी व्यवस्था. ई-कोर्ट्सच्या व्हर्च्युअल कोर्ट संकेतस्थळावर महाराष्ट्राचा विभाग निवडायचा आणि गाडी किंवा चलान क्रमांकाने शोधायचं. दंड मान्य असेल तर तिथेच भरा, मान्य नसेल तर लढण्याचा पर्याय निवडा. मग प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे वर्ग होतं.

माझ्या नावावर कोर्टात केस आहे का, हे कसं शोधू?

हे घरबसल्या, फुकट आणि वकिलाशिवाय होतं. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सातारा किंवा सांगली, मग न्यायालयाचं आवार निवडा. साताऱ्यात कराड, फलटण, वाई, वडूज, दहिवडी, कोरेगाव, पाटण, मेढा अशी, सांगलीत मिरज, तासगाव, विटा, जत, शिराळा, आटपाडी अशी. इस्लामपूरचं नाव आता ईश्वरपूर झालंय, यादीत दोन्ही नावांनी पाहा. एका आवारात सापडलं नाही म्हणजे केस नाही असं धरू नका. तालुका बदलून बघा.

सीएनआर क्रमांक हाती असेल तर काम क्षणात होतं. हा प्रत्येक केसचा स्वतंत्र, सोळा अंक-अक्षरांचा क्रमांक: आधी राज्य, मग जिल्हा, मग कोर्ट, मग अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. तो नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. इथे लोक अडकतात ते नावाच्या लिहिण्यावरून. तुम्ही 'शिंदे' एका पद्धतीने लिहिता, कारकुनाने इंग्रजीत दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं असतं. आडनाव आधी की नाव आधी, दोन्ही करून पाहा. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाकलेली बरी. वर्ष गुन्ह्याचं नव्हे, केस दाखल झाली ते घालायचं, म्हणून पुढचं वर्षही तपासा. प्रलंबित आणि निकाली दोन्ही पाहायला विसरू नका.

वाहतुकीची साधी प्रकरणं बहुधा 'एससीसी', म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, या प्रकारात नोंदली जातात. अपघातात कुणी जखमी झालं असेल तर 'आरसीसी'त, म्हणजे नियमित फौजदारी खटल्यांत, पाहा. ते पोलीस ठाणं आणि एफआयआर क्रमांकावरूनही सापडतं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेत बेदरकार चालवण्याचं कलम भारतीय न्याय संहितेचं २८१ असेल, आधीच्या घटनेत भारतीय दंड संहितेचं २७९. नुकसानभरपाईचा दावा 'एमएसीपी' म्हणून वेगळा असतो.

न भरलेलं चलान कोर्टात पाठवलंच नसेल तर ते इथे दिसणार नाही. चलानाच्या संकेतस्थळावर आणि इथे, दोन्हीकडे बघावं लागतं.

निकालाची प्रत हवी आहे.

संकेतस्थळावरून उतरवलेला आदेश वाचण्यापुरता ठीक. नोकरीसाठी, पासपोर्टसाठी किंवा विमा कंपनीला दाखवायचा असेल तर प्रमाणित नक्कल लागते. त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, केस क्रमांक आणि निकालाची तारीख लिहा. तुम्ही पक्षकार नसाल तर कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. जुन्या प्रकरणाची फाईल अभिलेख कक्षातून काढावी लागते, त्याला वेळ लागतो. नक्कल आणायला जाताना अर्जाची पोच बरोबर ठेवा.

स्पीडगनचं तपासणी प्रमाणपत्र, चलानाचा मूळ फोटो असं पोलिसांकडचं रेकॉर्ड हवं असेल तर माहिती अधिकारात जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे १० रुपये शुल्क भरून मागता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस.

गाडी विकून वर्ष झालं, चलान मलाच येतंय.

हा प्रश्न फार कळकळीने घ्या. आपल्याकडे विश्वासावर गाडी देतात, सही केलेले कोरे फॉर्म सोबत देतात आणि विसरून जातात. कायदा नोंदणीवरचं नाव पाहतो. कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० यासाठीच आहेत. चलानाचे पैसे गेले तर गेले, पण त्या गाडीने कुणाला उडवलं तर? २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरलं. गाडी हातोहात विकत गेली होती, तरीही.

आजच आरटीओत लेखी कळवा, विक्रीचा करार, पैशाचा पुरावा आणि घेणाऱ्याचं ओळखपत्र जोडा. विक्रीनंतरच्या चलानांवर याच कागदांच्या आधारे हरकत घ्या.

मुलगा सतरा वर्षांचा, क्लासला गाडी नेतो. पकडला तर?

कलम १९९-अ. पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. त्याला सायकल द्या किंवा एसटीचा पास काढून द्या.

ट्रॉली जास्त भरली म्हणून मोठी रक्कम लागली.

जादा भाराला कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत. वजनकाट्याची पावती मागा, तिच्यावरचा गाडी क्रमांक आणि वजन तपासा. गळीत हंगामात मागे रिफ्लेक्टर आणि दिवा नसलेली ट्रॉली रात्री दिसत नाही आणि त्यावर दुचाकी आदळते. ते चलान झालं नाही तरी रिफ्लेक्टर लावाच.

वकील लागतोच का?

किरकोळ चलानाला नाही. दारूचं प्रकरण, अपघात, परवाना निलंबन असेल तर घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा केली. पुढे कुठे?

सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. गुन्हा कबूल केला असेल तर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच बोलता येतं. त्याच्या वरचं काम पूर्वी मुंबईला जायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आले. तिथली प्रकरणं जिल्हा न्यायालयाच्या शोधात दिसत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर वेगळी शोधावी लागतात.